पाणीही कच्चा मालच: त्याचा हिशेब ठेवा

आपले रंगारी, बेकरीवाले व हॉटेलवाले बंधू रंग, मैदा, साखर यांचा हिशेब ठेवतात. पाण्याचा मात्र ठेवत नाहीत.

अमरावतीला अप्पर वर्धा धरणाचे, तर अकोल्याला महान येथील काटेपूर्णा धरणाचे पाणी मिळते. धरणात साठा कमी झाला की नळाच्या पाळ्या लांबतात व सर्वजण बोअरकडे वळतात. परंतु बोअरचे पाणी अमाप नाही. वऱ्हाडच्या काळ्या खडकात पाणी केवळ भेगांत व झिजलेल्या थरांत साठते. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात तर ते खारेच लागते. त्याने रंग बिघडतो, बॉयलरमध्ये क्षार बसतात.

म्हणून तीन गोष्टी कराव्यात :

१) पंप काही तास बंद ठेवून, वजन बांधलेल्या दोरीने बोअरची पातळी ऑक्टोबर व मे महिन्यांत मोजावी आणि वहीत लिहावी.

२) रात्री सर्व नळ बंद करून मीटरचा आकडा टिपावा. सकाळी तो पुढे गेला असेल तर गळती आहे असे समजावे.

३) ५०० चौरस फुटांच्या पत्र्यावर ७०० मिलिमीटर पावसात सुमारे ३२,००० लिटर पाणी पडते. ते गाळून टाकीत साठवावे किंवा विहिरीत सोडावे.

मे महिन्यात टँकर विकत घ्यावा लागेल की कारागिरांना घरी बसवावे लागेल, याचा अंदाज ऑक्टोबरच्या नोंदीवरूनच येतो. तेव्हा वहीचे एक पान आजच पाण्यासाठी राखून ठेवा.