देवघरातला शंख : एका शिकारी गोगलगायीचं घर



आपल्या शहागंजपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. तरीही समुद्रातली एक वस्तू आपल्या घराघरांत आहे : देवघरातला शंख. इयत्ता दहावीचा मृदुकाय प्राणीसंघ शिकवताना यापेक्षा चांगलं शैक्षणिक साहित्य शोधूनही मिळणार नाही.

शंख कोणाचा?
"गोगलगाय आणि पोटात पाय" ही म्हण मुलांना माहीत असते. विज्ञानही याच कारणामुळे या प्राण्यांना 'उदरपाद' म्हणतं. पूजेचा शंख हे टर्बिनेला पायरम या समुद्री गोगलगायीचं कवच आहे. बागेतली गोगलगाय पानं कुरतडते, म्हणून मुलं हिलाही शाकाहारी समजतात. प्रत्यक्षात ही मांसाहारी शिकारी आहे!

राहते कुठे, खाते काय?
तमिळनाडूजवळचं मन्नारचं आखात, पाल्कची सामुद्रधुनी आणि गुजरातकडे कच्छचं आखात ही तिची प्रसिद्ध ठिकाणं. उथळ समुद्राच्या वाळूत ती अर्धवट रुतून राहते. तिथेच गांडुळाच्या नात्यातले वलयी कृमी असतात. ते तिचं अन्न. शंखाच्या ज्या निमुळत्या पन्हाळीतून आपण पाणी सोडतो, तिच्यातून ही गोगलगाय एक नळी बाहेर काढते. त्या नळीने पाणी आत घेऊन भक्ष्याचा 'वास' घेते आणि मग लांब सोंड पुढे करून त्याला पकडते. जिवंतपणी शंख पांढराशुभ्र नसतो बरं का! त्यावर तपकिरी, मखमलीसारखं आवरण असतं. ते काढून, घासून पांढरा शंख तयार होतो.

वर्गात करून बघा
१. शंखाचं टोक वर धरा. तोंड कोणत्या बाजूला उघडतं? बहुतेक वेळा उजव्या.
२. आता तोच शंख पन्हाळी वर करून धरा. तोंड डावीकडे गेलं! शास्त्रज्ञ टोक वर धरतात, परंपरेत पन्हाळी वर धरतात. म्हणून शास्त्रज्ञांचा 'डावा' तो आपला 'उजवा', म्हणजे दक्षिणावर्ती. असा शंख फारच दुर्मिळ.
३. तोंडाच्या आत मधल्या खांबावर बोट फिरवा. खऱ्या शंखात तीन-चार आडव्या घड्या लागतात.

पालकांनी तिसरी कृती जरूर लक्षात ठेवावी. दक्षिणावर्ती म्हणून महाग विकला जाणारा शंख कित्येकदा अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या वेगळ्याच गोगलगायीचा असतो. ती जात मुळातच डाव्या वळणाची, त्यामुळे तिच्यात दुर्मिळ काहीच नाही. तिच्या खांबावर या घड्या नसतात.

इतिहासाशी जोड
गुजरातमधल्या नागेश्वर इथे हडप्पाकालीन शंखकामाचं केंद्र सापडलं आहे. म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वीही आपले लोक याच शंखाच्या बांगड्या करत होते. बंगालच्या सुवासिनींचा 'शाखा' म्हणजेही याच शंखाची बांगडी. १९१४ साली जेम्स हॉर्नेल यांनी या शंखावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला.

अवघड प्रश्न
हे सगळं सांगितल्यावर एखादं मूल विचारतंच, "मग आतली गोगलगाय कुठे गेली?" प्रश्न टाळू नका. पाणबुडे बहुधा जिवंत गोगलगाय गोळा करतात. ती मेल्यावरच कवच रिकामं होतं. त्यात या जातीची आणखी एक अडचण आहे. मादी एडक्याच्या पिळदार शिंगासारखी, अनेक कप्प्यांची अंड्यांची माळ वाळूत रोवते. पिल्लं बाहेर येतात तीच छोट्या कवचासह, सरपटत. बऱ्याच समुद्री गोगलगायींची पिल्लं प्रवाहाबरोबर दूरवर पसरतात, तशी ही पसरत नाहीत. म्हणून एका जागेवरच्या गोगलगायी संपल्या, तर तिथे पुन्हा लवकर येत नाहीत.

याचा अर्थ मुलाच्या श्रद्धेला धक्का द्यायचा, असा नाही. आजोबांचा शंख पिढ्यान् पिढ्या टिकतो. घरात एक असताना हौसेखातर दुसरा कशाला, एवढं मुलालाही पटतं.

सहलीला जाताना
कोकणच्या वाळूत शिंपल्यावर गोल, रेखीव भोक दिसलं तर ते जपून आणा. तेही बहुतेक वेळा दुसऱ्या एका शिकारी गोगलगायीचंच काम असतं. मात्र शंकूच्या आकाराची जिवंत गोगलगाय हातात घेऊ देऊ नका, ती विषारी दंश करते.

गृहपाठ : घरातल्या शंखाचं चित्र काढा, पन्हाळी, टोक आणि खांब यांना नावं द्या, आणि घरच्यांना विचारून तो कधी व कुठून आला ते दोन ओळींत लिहा.