प्रवराकाठचा पायी पाठ

चौथीच्या वर्गात मोठ्या नद्यांची नावे विचारली असता मुले गंगा, यमुना, ब्रह्मपुत्रा अशी नावे तोंडपाठ म्हणून दाखवितात. त्याच मुलांस, आपल्या गावची नदी कोठून येते, असे विचारावे. प्रवरेच्या कालव्यावर वाढलेले मूल बहुधा ‘धरणातून’ असे उत्तर देते. हे उत्तर अगदीच चूक म्हणता येत नाही. त्याने जन्मापासून आवर्तनाचे पाणी पाहिले आहे. पाट सुटला की पाणी येते आणि पाट बंद झाला की जाते. पण ज्या मुलाची नदी धरणात सुरू होते आणि शिवेवर संपते, त्यास वरच्या गावाचे व खालच्या गावाचे सुखदुःख कधीच उमगत नाही.

प्रवरा ही ह्या दृष्टीने शिकविण्यास फार सोयीची नदी आहे. अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या पूर्व उतारावर, रतनगडाच्या परिसरात ती उगम पावते आणि सुमारे २०० किलोमीटर वाहून नेवासे तालुक्यात प्रवरासंगम येथे गोदावरीस मिळते. उगमापासून संगमापर्यंत तिचा सारा प्रवास अहिल्यानगर जिल्ह्यातच होतो. दिवसास पंधरा ते वीस किलोमीटर चालणाऱ्या माणसास दहा-बारा दिवसांत ती अथपासून इतिपर्यंत पाहता येते. परदेशांत समुद्रकाठाने, दलदलीतून, शेतांच्या बांधांवरून व जुन्या शहरांतून जाणाऱ्या लांब पाऊलवाटा मुद्दाम आखलेल्या असतात; इंग्लंडमध्ये तर साऱ्या किनाऱ्याने अशी वाट सिद्ध करण्याचे काम शासनाने हाती घेतले. आपल्याकडे पायी चालण्याची परंपरा त्याहून पुष्कळ जुनी आहे. त्र्यंबकेश्वराहून निघणारी निवृत्तिनाथांची पालखी ह्याच जिल्ह्यातून पंढरीस जाते. मात्र वारकऱ्याचे लक्ष पंढरीकडे असते. ह्या पाठात लक्ष वाटेकडेच ठेवावयाचे आहे.

सारी वाट मुलांनी चालावी, अशी अपेक्षा अर्थातच नाही. ती शिक्षकांनी चालावी. केंद्रातील चार-पाच शिक्षकांनी मिळून दिवाळीच्या सुट्टीत एकदा हा प्रवास करावा. मोटारीतून पूल ओलांडताना नदी क्षणभर दिसते. काठाने चालताना ती दिवसभर सोबत असते, आणि एका गावातील गोष्टीचे कारण त्याच्या वरच्या गावात सापडते.

आरंभ रतनवाडीस, अमृतेश्वराच्या प्राचीन दगडी मंदिरापासून करावा. ह्या बाजूस वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस पडतो; खाली नेवाशाकडे तो पाचशेच्या आसपास येतो. एकाच जिल्ह्यातील, एकाच नदीकाठचा हा फरक नकाशावर रंगाने दाखविला तर मुले विसरतात. भाताची खाचरे, नागली-वरईचे उतार आणि कौलारू घरांच्या पावसाकडील भिंतीस लावलेले आडोसे पाहिले म्हणजे पाऊस म्हणजे काय, हे निराळे सांगावे लागत नाही. पुढे भंडारदऱ्याचे धरण लागते. त्याचे काम १९१० साली सुरू होऊन १९२६ साली पुरे झाले. तेथील वस्तीत वयस्क माणसांजवळ बसावे. कोणाच्या पणजोबांची खाचरे पाण्याखाली गेली, हे घराघरांतून अद्याप सांगितले जाते. कालव्याखालच्या शाळेत धरणाचा पाठ घेताना हे सांगणे राहून जाते. तसे होऊ नये.

रंधा धबधब्यावर मुले व मोठी माणसे सारखीच रमतात, म्हणून त्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. निळवंडे धरणाशी मात्र थांबावे. अनेक वर्षे रखडलेल्या ह्या प्रकल्पाच्या डाव्या कालव्यात २०२३ साली प्रथम पाणी आले. कालव्याची वाट पाहण्यात ज्यांचे आयुष्य गेले, अशी माणसे पुढच्या वाटेवर भेटतील. त्यांस बोलते करावे व स्वतः कमी बोलावे.

अकोल्यास सिद्धेश्वराचे मंदिर व अगस्तींचा आश्रम पाहून संगमनेरास यावे. येथे म्हाळुंगी प्रवरेस मिळते. गावाच्या नावातच तो संगम आहे. संगमनेर हे अनंत फंदीचे गाव. पेशवाईतील ह्या शाहिराचा जन्म १७४४ सालचा. जवळच्या पेमगिरीच्या किल्ल्यावर शहाजीराजांनी निजामशाहीच्या बालवारसास गादीवर बसवून राज्य सावरण्याचा यत्न केला. इतिहासाच्या पुस्तकात ही घटना एका ओळीत येते. किल्ल्यावर उभे राहून खाली पसरलेले खोरे पाहिले, की ही जागा का निवडली असावी, ह्याचा तर्क सहावी-सातवीची मुले आपण होऊन करतात. तो तर्क चुकला तरी करू द्यावा.

संगमनेराच्या पूर्वेस थोड्या अंतरावर जोर्वे हे गाव आहे. १९५०-५१ मध्ये डॉ. सांकलिया व डॉ. देव यांनी येथील पांढरीच्या टेकाडाचे उत्खनन केले. तांबड्या रंगावर काळ्या रेषांची नक्षी असलेली, पातळ व खणखणीत वाजणारी मातीची भांडी आणि तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी येथे मिळाल्या. पुढे महाराष्ट्रात ठिकठिकाणी तशीच भांडी सापडली, तेव्हा त्या साऱ्या संस्कृतीस ‘जोर्वे संस्कृती’ असे नाव पडले. तिचा काळ सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा. आपल्या जिल्ह्यातील एका खेड्याचे नाव जगभरच्या पुरातत्त्वाच्या ग्रंथांत आहे, हे जोर्व्याच्या शेजारच्या गावांतील मुलांस तरी ठाऊक असावे.

प्रवरेच्या खालच्या काठावर दायमाबाद आहे, त्याची हकीकत येथेच सांगणे सोयीचे. हे स्थळ १९५८ साली अभ्यासकांच्या नजरेस आले. १९७४ मध्ये तेथील एका रहिवाशास झाडाचे खोड खणून काढताना काशाच्या चार जड वस्तू मिळाल्या : दोन बैलांचा रथ व तो हाकणारा माणूस, एक हत्ती, एक गेंडा आणि एक रेडा. चारींचे मिळून वजन साठ किलोंच्या घरात जाते. मोडीच्या भावाने विकल्या जाऊन त्या वितळल्या असत्या, तर कोणास पत्ताही लागला नसता. त्या वाचल्या आणि आज संग्रहालयांत आहेत. तरीही त्यांच्या काळाविषयी पंडितांचे एकमत झालेले नाही. कारण त्या शास्त्रीय उत्खननात, थराथराने खणताना मिळालेल्या नाहीत. वस्तू जागेवरून हलली की तिचे वय सांगणारा साक्षीदार हरवतो. ही गोष्ट मुलांस नीट समजावून द्यावी आणि पांढरीवर गेल्यावर एकही खापर उचलून आणू देऊ नये. जागेवरच पाहावे, चित्र काढावे, जागा लिहून ठेवावी. शाळेच्या कपाटात खापरांचा ढीग जमविण्याची हौस कौतुकाची असली, तरी ती अभ्यासाच्या मुळावर येते.

ओझरच्या बंधाऱ्यापाशी प्रवासाचे रूप पालटते. येथून डावा व उजवा असे दोन कालवे निघतात आणि नदीचे पाणी नदीपेक्षा कालव्यातच अधिक दिसू लागते. काळी खोल जमीन, उसाचे फड, चाऱ्या व पोटचाऱ्या असा मुलूख कोल्हार-बेलापूरपर्यंत पसरला आहे. विठ्ठलराव विखे पाटील व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून १९५० साली ह्याच भागात लोणीजवळ सहकारी साखर कारखाना उभा राहिला व सहकारी साखरधंद्याचा तो पाया ठरला. हा धडा आपल्या शाळांत आवडीने शिकविला जातो. त्यास जोडूनच आणखी दोन गोष्टी पायी चालणाऱ्यास दिसतात. वर्षानुवर्षे बेसुमार पाणी पिऊन पाणथळ व चोपण झालेली जमीन बांधाबांधाने आढळते. तीवर पांढरी खार फुटते, लव्हाळा माजतो आणि पीक येत नाही. पाण्याने शेत पिकते, एवढेच शिकलेल्या मुलास पाण्यानेच शेत मरते, हे दाखविण्यास असे एक शेत पुरेसे आहे.

दुसरी गोष्ट फडाच्या कडेच्या कोप्यांची. दिवाळीनंतर ऊसतोडीस आलेली कुटुंबे तेथे राहतात. काही मराठवाड्यातून येतात, काही ह्याच जिल्ह्यातील पाथर्डी-शेवगावाकडून. त्यांची मुले हंगामापुरती गावच्या शाळेत आली, तर मागच्या ओळीत गप्प बसतात. परिसराचा पाठ ज्या दिवशी असेल, त्या दिवशी त्यांस पुढे बसवावे. घरून येथवर कोणती गावे लागली, कोठे पाणी मिळाले, कोठे रात्र काढली, हे त्यांना विचारावे. वर्गातील इतर मुलांनी नकाशात पाहिलेला रस्ता त्यांनी गाडीच्या मागे बसून पाहिलेला असतो.

चाऱ्यांच्या शेवटी, ज्यास शेतकरी ‘टेल’ म्हणतात, तेथील शाळेस अवश्य भेट द्यावी. कालव्याच्या तोंडाशी असलेले गाव व टेलचे गाव यांच्या बोलण्यात ‘पाणी’ हा शब्द एकच असतो. अर्थ एक नसतो.

नेवाशाच्या वरच्या अंगास मुळा प्रवरेस मिळते. नेवासे हे ज्ञानेश्वरीचे गाव. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये हा ग्रंथ येथे सिद्ध झाला. सच्चिदानंदबाबा त्याचे लेखक झाले. पैस खांबापुढे बसलेल्या मुलांस आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. ह्याच नेवाशास लाडमोड नावाच्या टेकाडात १९५४ ते १९५६ ह्या काळात उत्खनन झाले. नदीच्या थरांत अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे मिळाली. वरच्या थरांत घरांच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या दोन रांजणांत पुरलेली लहान मुले आढळली. एका लेकराच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती व मण्यांत ओवलेल्या धाग्याचा अंश टिकून राहिला होता. मेलेले मूल घराबाहेर न नेता घरातच ठेवणाऱ्या त्या आईबापांविषयी मुले पुष्कळ प्रश्न विचारतील. सर्वांची उत्तरे शिक्षकाजवळ असणार नाहीत आणि तसे मोकळेपणाने सांगण्यात कमीपणा नाही.

शिक्षकांचा प्रवास झाल्यावर मुलांचा पाठ सुरू होतो. काठावरील प्रत्येक शाळेने आपल्या हद्दीतील तीन-चार किलोमीटर काठ एका दिवसात चालावा. मुलांनी चारच गोष्टी लिहाव्यात : येथे पाणी कोण घेतो, कशासाठी घेतो, नदीत परत काय सोडतो आणि उरलेले कोठे जाते. तो कागद खालच्या अंगाच्या शाळेकडे पाठवावा. तिने आपला कागद जोडून पुढे द्यावा. रतनवाडीकडून निघालेले कागद प्रवरासंगमास पोहोचतील, तेव्हा त्यांचे एक पुस्तकच होईल, आणि ते कोणा एका शाळेचे असणार नाही. अक्षर वाईट आहे म्हणून शिक्षकांनी ते पुन्हा लिहून काढू नये. कोणा मुलाने ‘वरचे लोक आमचे पाणी चोरतात’ असे लिहिले, तर तेही खोडू नये. ते वाक्य वरच्या शाळेस कळवावे व तिचे उत्तर मागवावे. कमी पावसाच्या वर्षी वरची धरणे व जायकवाडी यांच्यात पाण्याचा वाद होतो. खोऱ्यातील पाणी समन्यायाने वाटावे, हे तत्त्व २००५ च्या कायद्यात आले असूनही तो मिटलेला नाही. आज चौथीत असलेली मुले वीस वर्षांनी त्या वादात दोन्ही बाजूंस उभी असतील. तोपर्यंत त्यांनी एकमेकांचे कागद वाचलेले असावेत.

काही दक्षता मात्र कसोशीने घ्यावी. पावसाळ्यात काठाने जाऊ नये. धरणातून आवर्तन सुटले की कोरडे पात्र अल्पावकाशात भरते. म्हणून पाटबंधारे शाखेत आधी चौकशी केल्यावाचून मुलांस पात्रात उतरवू नये. वाळूचा उपसा झालेल्या जागी वरून उथळ दिसणारे पाणी पुरुषभर खोल असते, तेथे पाय धुण्यासही जाऊ देऊ नये. उसात बिबट्याचा वावर आहे व तो तेथेच पिलेही वाढवितो. तेव्हा उजाडल्यावर निघावे, दिवस मावळण्यापूर्वी परतावे, मुलांनी एकत्र चालावे व फडात शिरू नये. पालकांची लेखी संमती आणि प्रथमोपचाराची पेटी ह्यांविषयी शिक्षकांस सांगणे नको.

शेवटचा मुक्काम प्रवरासंगमास, म्हणजे टोक्यास. सिद्धेश्वराच्या मंदिराजवळून समोर पाहिले असता गोदावरी नदीसारखी न दिसता सरोवरासारखी दिसते. १९७६ साली पुऱ्या झालेल्या जायकवाडी धरणाचा फुगवटा येथवर येतो. थंडीच्या दिवसांत उथळ दलदलीत रोहित, चक्रवाक, चमचे असे पक्षी थव्यांनी उतरतात. हा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. पाणी ओसरू लागले की काठचे शेतकरी मोकळ्या झालेल्या गाळात गाळपेर करतात. त्यांतील कित्येकांची वडिलार्जित जमीन त्याच पाण्याखाली आहे. कडक उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले, तर बुडीत गावठाणांचे दगड उघडे पडतात. तेव्हा म्हातारी माणसे तेथपर्यंत चालत जातात आणि आपले घर कोठे होते, ते नातवंडांस दाखवितात.