भूकंपात खाणीतली भराई टिकते का?

प्रश्न : धातू काढून उरलेला चुरा सिमेंटमध्ये कालवून खाणीच्या पोकळीत भरतात, असं वाचलं. भूकंप झाला तर हा गाळ पुन्हा पातळ होऊन कामगारांच्या अंगावर येणार नाही का?

उत्तर : शंका रास्त आहे. पाण्याने भरलेला, सैल, बारीक कणांचा थर हादरला की कण दाटीने बसू पाहतात. मधल्या पाण्याला निसटायला वेळ मिळत नाही, त्याचा दाब वाढतो, कणांची पकड सुटते आणि थर चक्क वाहू लागतो. १९६५च्या भूकंपात चिलीतल्या एल कोब्रे खाणीचा जमिनीवरचा गाळबांध असाच फुटला आणि दोनशेहून अधिक माणसं दगावली.

सिमेंट हे कण एकमेकांना चिकटवतं. प्रमाण थोडंच, साधारण ३ ते ७ टक्के. सुमारे १०० किलोपास्कल दाबसामर्थ्य आलं की भराई सहसा पातळ होत नाही, असा अभियंत्यांचा ढोबळ ठोकताळा आहे. घराच्या स्लॅबला वापरतात त्या एम-२० काँक्रीटच्या तुलनेत हे दोनशेवा हिस्सा! शिवाय खोलवर हादरा पृष्ठभागापेक्षा बहुधा सौम्य असतो आणि भराईला चहूबाजूंनी खडकाचा आधार मिळतो.

खरा धोका ताज्या भराईला. सिमेंट धरेपर्यंत ती चिखलच असते आणि तिला अडवून धरते ती पोकळीच्या तोंडाशी बांधलेली भिंत. म्हणून अनेक ठिकाणी तळाचा थर जास्त सिमेंटचा ओततात, तो धरू देतात आणि मगच वरचं भरतात. मोठा भूकंप क्वचितच होतो. शेजारच्या पोकळीतले सुरुंग मात्र नेहमीचे. त्यांचे हादरेही हिशेबात धरावे लागतात.

पुढे शेजारचा खडक काढला की भराईची एक उंच बाजू उघडी पडते. ती स्वतःच्या वजनावर उभी राहायची, तर सामर्थ्य कितीतरी जास्त लागतं. चुऱ्यात गंधकयुक्त खनिजं असतील, तर त्यांतून तयार होणारे सल्फेट काही महिन्यांनी सिमेंटची पकड ढिली करू शकतात. त्यामुळे २८ दिवसांची चाचणी पुरेशी ठरत नाही.

नागपूर-भंडाऱ्याकडच्या मॅंगनीज खाणींत पाण्याबरोबर वाळू सोडून भराई करण्याची पद्धत आहे. सिमेंट नसेल, तिथे सारी भिस्त निचऱ्यावर : पाणी निघून गेलं, तर पातळ व्हायला काही उरत नाही.