जे विमान उडतं, तेच टिकतं

चि. निखिल,


तुम्ही आठ-दहा जण मिळून तिकडे ओहायोत फ्लाइंग क्लब काढताय हे वाचून फार आनंद झाला. हौशी माणसांच्या क्लबातून केवढं काम उभं राहतं ते आपण पाहिलेलं आहे. जे. आर. डी. टाटा मुंबईच्या फ्लाइंग क्लबातच विमान चालवायला शिकले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना परवाना मिळाला आणि १९३२ च्या ऑक्टोबरात कराचीहून टपाल घेऊन ते स्वतः मुंबईत उतरले.

आता मुद्द्याचं. जन्मभर इंजिनं उघडून पाहिली, त्यातून एकच गोष्ट मनावर ठसली आहे: विमान उडवल्याने झिजतं, पण पडून राहिल्याने त्याहून लवकर खराब होतं. लायकॉमिंग इंजिनात कॅमशाफ्ट हा क्रँकशाफ्टच्या वर असतो. इंजिन महिनोन् महिने बंद राहिलं की त्याच्यावरचं तेल निथळतं आणि आतल्या दमटपणाने गंज धरतो. जमिनीवर दहा मिनिटं चालू ठेवून ही ओल जात नाही. विमान हवेत नेऊन तेल चांगलं तापवावं लागतं. म्हणून क्लबाचा प्रत्येक निर्णय एकाच कसोटीवर घासून पाहा: याने विमान जास्त उडेल, की हँगरात पडून राहील?

या कसोटीवर पहिलं विमान साधंच ठरतं. सेसना १७२ घ्या. १९५६ पासून ४४ हजारांच्या वर बनली आहेत. सुटे भाग मिळतात, प्रत्येक मेकॅनिकला ती ठाऊक असते आणि शिकाऊ माणसालाही ती सांभाळून घेते. तासाला साधारण आठ गॅलन पेट्रोल लागतं. मात्र चार खुर्च्या आहेत म्हणून टाक्या भरून चार मोठी माणसं बसवता येतात असं नाही, हे सगळ्यांना आधीच सांगा. जास्त वेगाच्या, चाकं आत घेणाऱ्या विमानाचा मोह होईल. त्याचा विमा आणि देखभाल महाग, म्हणून ते उडवणारे थोडे.

विमान पाहायला जाल तेव्हा रंगाआधी लॉगबुकं पाहा. मधली वर्षं कोरी आहेत का? एअरवर्दिनेस डायरेक्टिव्हची, म्हणजे सुरक्षेसाठी सक्तीच्या केलेल्या तपासणी-दुरुस्तीची, प्रत्येक नोंद आहे का? मोठी दुरुस्ती झाली असेल तर तिचे कागद आहेत का? तपासणी तुमच्या मेकॅनिककडून करवा, विकणाऱ्याच्या नको. ओक्लाहोमा सिटीच्या नोंदणी कार्यालयातून मालकी आणि कर्जाचा बोजा तपासून घ्या. विमा कंपनीलाही सौद्याआधीच विचारा. सभासदांचे उड्डाणाचे तास पाहून ती हप्ता ठरवते.

आता पैसा. समजा, इंजिनाचं ओव्हरहॉल ३०,००० डॉलरचं आणि ते २,००० तासांनी करायचं. म्हणजे प्रत्येक तासामागे १५ डॉलर पहिल्या दिवसापासून वेगळ्या खात्यात टाकायला हवेत. पण घेतलेल्या इंजिनाचे १,५०० तास आधीच झालेले असतील, तर उरलेल्या ५०० तासांत तासाला ६० डॉलर साठवावे लागतील. हा फरक किमतीतून कापून घ्या. हँगर, विमा, वार्षिक तपासणी हा खर्च विमान उडो न उडो होतोच; तो मासिक वर्गणीतून काढा. तासाच्या दरात फक्त पेट्रोल, तेल आणि राखीव निधी ठेवा. दर कमी राहिला की माणसं उडतात. क्लबाला नफा कमवायचा नाही, पण खात्यात खड्डाही पडू द्यायचा नाही.

एक नियम मात्र पैशापलीकडचा. दोष दिसला तर कुठल्याही सभासदाला, कालच आलेल्यालाही, विमान थांबवता आलं पाहिजे. त्यावर त्याला कोणी टोकायचं नाही; मेकॅनिकने सही केल्याशिवाय ते पुन्हा उडणार नाही. जिथे हे लाजेखातर टाळलं जातं तिथे माणसं जीव गमावतात.

हे सगळं पहिल्याच बैठकीत कागदावर उतरवा: कोणाचा वाटा किती, कोणी सोडून गेला तर त्याचे पैसे कसे परत करायचे, नुकसान झालं तर भरायचं कोणी. सगळ्यांच्या सह्या झाल्या की मगच विमान शोधायला निघा. सौदा पक्का करण्याआधी लॉगबुकांच्या पानांचे फोटो पाठव. मी प्रत्येक ओळ वाचून कळवीन.

तुझा,
मामा