नर्सिंग होममधून स्वतःच्या घरी : मेडिकेडची ट्रान्झिशन सेवा देऊ पाहणाऱ्यांसाठी

नर्सिंग होममध्ये किंवा बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या निवासी संस्थेत महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे राहिलेल्या माणसाला पुन्हा समाजात, स्वतःच्या घरी नेऊन बसवणे आणि तो तिथे टिकेल अशी व्यवस्था लावणे, हे मेडिकेडच्या, म्हणजे अमेरिकेत केंद्र आणि राज्ये मिळून कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी चालवत असलेल्या आरोग्य योजनेच्या, ट्रान्झिशन सेवेचे काम. अमेरिकेत ही सेवा देऊ इच्छिणाऱ्या संस्थेला राज्याच्या मेडिकेड कार्यालयाकडे प्रोव्हायडर म्हणून नोंद करावी लागते. नव्या संस्था बहुधा आपली सगळी ताकद या नोंदणीतच खर्च करतात. या कामात काही वर्षे काढलेल्यांचा अनुभव मात्र असा, की नोंदणी हा त्यातला सोपा भाग आहे. माणूस घरी पोहोचेपर्यंत केलेल्या बऱ्याचशा कामाचे पैसे हातात येत नाहीत आणि तो पोहोचलाच नाही तर ते येतीलच याची खात्री नसते. हे आधी समजून न घेता उतरलेली संस्था चांगले काम करूनही कर्जात जाऊ शकते.

ही सेवा कुठून आली हे ठाऊक असेल तर तिचे नियम असे का आहेत ते कळते. मेडिकेड १९६५ साली सुरू झाले. त्यात प्रौढांसाठी नर्सिंग होमचा खर्च उचलणे राज्यांवर बंधनकारक आहे. घरी राहून मिळणाऱ्या बहुतेक दीर्घकालीन सेवा मात्र राज्यांच्या मर्जीवर आहेत. १९८१ साली आलेल्या कलम १९१५(सी) मुळे राज्यांना केंद्राकडून सवलत घेऊन, म्हणजे तिथल्या रोजच्या भाषेत ‘वेव्हर’ काढून, घरपोच सेवांवर मेडिकेडचा पैसा खर्च करण्याची वाट मोकळी झाली. जून १९९९ मध्ये ओल्मस्टेड खटल्याचा निकाल लागला. जॉर्जियातल्या लोइस कर्टिस आणि इलेन विल्सन या दोन स्त्रियांना, समाजात राहता येईल असे उपचार करणाऱ्यांचेच मत असताना, संस्थेत ठेवले गेले होते. असे विनाकारण संस्थेत डांबणे हा अपंगांविषयीच्या १९९० च्या कायद्याखाली भेदभाव आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. पुढे २००५ च्या कायद्याने ‘मनी फॉलोज द पर्सन’ ही योजना आणली. एक लाखाहून अधिक माणसे तिच्या आधाराने घरी गेली आहेत. संस्थेत किमान सहा महिने काढलेले असावेत ही तिची मूळ अट पुढे ९० दिवसांवर आली आणि २०२१ पासून ती सलग ६० दिवसांची आहे. अनेक राज्यांत या योजनेचे नाव वेगळे: कॅलिफोर्नियात ‘कॅलिफोर्निया कम्युनिटी ट्रान्झिशन्स’, मिनेसोटात ‘मूव्हिंग होम मिनेसोटा’, न्यू जर्सीत ‘आय चूज होम एनजे’. म्हणून एका राज्यातल्या मित्राने दिलेली माहिती दुसऱ्या राज्यात जशीच्या तशी चालत नाही.

या सेवेचे दोन भाग आहेत आणि त्यांची गल्लत फार महागात पडते. पहिला भाग माणसांच्या श्रमाचा: भेटी, घराचा शोध, कागदपत्रे, सेवांची जुळवाजुळव. दुसरा भाग वस्तूंचा आणि एकरकमी खर्चाचा: घरमालकाकडे ठेवायची अनामत, वीज-गॅस-फोन चालू करण्याचे शुल्क, पलंग, गादी, टेबल, भांडी, पडदे, चादरी, सामानाची ने-आण, ढेकूण-झुरळांचा बंदोबस्त. घरभाडे आणि अन्न यांचा खर्च मेडिकेड सहसा उचलत नाही. करमणुकीच्या वस्तूही यात बसत नाहीत. केंद्राच्या २००२ सालच्या मार्गदर्शक पत्रात टीव्ही आणि केबलचा तर नाव घेऊन उल्लेख आहे. अनेक वर्षे एका खोलीत टीव्हीच्या सोबतीने काढलेला माणूस नव्या घरात पहिली मागणी टीव्हीचीच करतो. कळवळ्याने तो सामानाच्या यादीत घातला तर त्या बिलावर आक्षेप येणार हे नक्की. तो मिळवून द्यायचाच असेल तर चर्च, मंदिर, एखादे मंडळ किंवा देणगीचा स्वतंत्र निधी गाठावा. एकरकमी खर्चालाही राज्यागणिक मर्यादा असते. कॅलिफोर्नियाने ‘कॅलएम’ योजनेत एका व्यक्तीसाठी आयुष्यभरात ७,५०० डॉलर अशी ती घालून दिली.

अर्ज भरण्याआधी आपण नेमकी कोणती भूमिका घेणार ते ठरवावे लागते. ज्याने माणसाची सेवा-योजना आखायची त्यानेच त्या योजनेतल्या सेवा विकायच्या नाहीत, असा केंद्राचा नियम आहे. दुसरे कोणी उपलब्धच नसेल अशा भागापुरता त्याला अपवाद आहे. ज्या कुटुंबाची आधीच घरी मदतनीस पाठवणारी संस्था आहे, त्याला वाटते की ट्रान्झिशनचे कामही आपणच घ्यावे, म्हणजे माणूस आपल्याच संस्थेकडे येईल. नियम अडवतो तो नेमका हाच विचार. नवऱ्याच्या नावावर एक आणि बायकोच्या नावावर दुसरी संस्था काढूनही तो टळत नाही, कारण पाच टक्के किंवा अधिक मालकी असलेल्या प्रत्येकाचे नाव आणि त्यांचे आपसातले नवरा-बायको, आई-बाप, मुले, भावंडे असे नाते अर्जात उघड करावेच लागते.

नोंदणीची वाट लांब असली तरी सरळ आहे. आधी कंपनी किंवा ना-नफा संस्था स्थापन करायची, करखात्याकडून ईआयएन, म्हणजे संस्थेचा कर-क्रमांक, घ्यायचा, मग दहा आकडी एनपीआय, म्हणजे आरोग्यसेवा देणाऱ्याचा राष्ट्रीय ओळख क्रमांक. तो फुकट मिळतो. तो मिळवून देण्याचे पैसे मागणाऱ्या दलालांना दारात उभे करू नये. फक्त घरात रॅम्प बसवणे किंवा सामान हलवणे अशी, आरोग्यसेवेत न मोडणारी कामे करणाऱ्यांना एनपीआय लागत नाही. राज्य त्यांना वेगळा क्रमांक देते. त्यानंतर राज्याच्या संकेतस्थळावर अर्ज, विमा, कर्मचाऱ्यांच्या पार्श्वभूमीची तपासणी आणि लेखी कार्यपद्धती. राज्य प्रत्येक प्रकारच्या प्रोव्हायडरला कमी, मध्यम किंवा जास्त जोखमीच्या गटात टाकते. मध्यम गटापासून कार्यालयाला न कळवता भेट होते. जास्त जोखमीच्या गटात मालकांच्या बोटांचे ठसेही घेतले जातात. संस्थात्मक प्रोव्हायडरसाठी अर्जाचे शुल्क २०२५ साली ७३० डॉलर होते, पण ते कोणाला लागू आहे हे राज्याला विचारूनच भरावे. अर्ज परत येण्याचे कारण बहुधा क्षुल्लक असते: करखात्याच्या पत्रात संस्थेचे नाव एका प्रकारे, बँकेत दुसऱ्या प्रकारे आणि एनपीआयच्या नोंदीत तिसऱ्या प्रकारे. ही तिन्ही नावे स्वल्पविरामासकट जुळवून मगच अर्ज पाठवावा.

मेडिकेडसारख्या योजनांत काम करण्यास बंदी घातलेल्या व्यक्तींची एक यादी केंद्राचे महानिरीक्षक कार्यालय प्रसिद्ध करते. कर्मचारी नेमताना आणि पुढे दर महिन्याला ती ताडून पाहून, पाहिल्याची नोंद तारखेसह ठेवावी. यादीतल्या माणसाने केलेल्या कामाचे सगळे पैसे परत द्यावे लागतात.

राज्याचा क्रमांक मिळाला म्हणजे काम मिळाले असे नाही. अनेक राज्यांत मेडिकेडचे सभासद खासगी विमा कंपन्यांच्या व्यवस्थेखाली असतात आणि अशा प्रत्येक कंपनीशी वेगळा करार, वेगळी छाननी, वेगळा दर. आपल्या भागातल्या दोन-तीन मोठ्या कंपन्या नवे प्रोव्हायडर घेत आहेत का, हे कार्यालय भाड्याने घेण्यापूर्वीच विचारावे.

माणसे येतात कुठून, हा पुढचा प्रश्न. नर्सिंग होममधल्या प्रत्येक रहिवाशाचे ठरावीक काळाने मूल्यमापन होते. त्यातल्या ‘क्यू’ विभागात, समाजात परत जाऊन राहण्याबद्दल कोणाशी बोलायला आवडेल का, असे त्याला विचारले जाते. उत्तर ‘हो’ आले की नर्सिंग होमने राज्याने नेमलेल्या स्थानिक संपर्क संस्थेला कळवायचे असते. नव्या संस्थेने ओळख वाढवावी ती या संपर्क संस्थांशी, स्वतंत्र जीवन केंद्रांशी आणि दीर्घकालीन सेवांच्या लोकपालांशी. नर्सिंग होमच्या सोशल वर्करशी सौजन्याने वागावे, पण माणूस पाठवल्याबद्दल भेटवस्तू, जेवण किंवा पैसे देणे हा केंद्राच्या कायद्याने गुन्हा आहे.

इथून खरे काम सुरू होते. समजा, पक्षाघातानंतर दोन वर्षे नर्सिंग होममध्ये असलेली साठीची एक बाई घरी जाऊ इच्छिते. तिचे पेन्शन जवळजवळ सगळे नर्सिंग होमच्या खर्चात वळते होते. हातखर्चाला राज्य ठरवेल तेवढी रक्कम उरते आणि केंद्राने घालून दिलेली तिची किमान पातळी महिन्याला ३० डॉलर आहे. तेव्हा अनामतीसाठी शिल्लक असण्याचा प्रश्नच नाही. ओळखपत्राची मुदत संपलेली, जन्मदाखला दुसऱ्या राज्यातला, सोशल सिक्युरिटी कार्ड मागच्या भाड्याच्या घराबरोबर गेलेले. विजेची जुनी थकबाकी आहे, म्हणून नवी जोडणी मिळत नाही. आणि ओळखपत्राशिवाय घरमालक अर्जच घेत नाही. म्हणून पहिल्या भेटीत घराचा विषय काढण्याआधी कागदांची यादी करावी आणि त्याच आठवड्यात जन्मदाखल्याचा अर्ज टाकावा. चाकाच्या खुर्चीला पुरेल एवढा दरवाजा आणि परवडेल एवढे भाडे या दोन्ही अटी पुऱ्या करणारे घर मिळणे हा सगळ्यात अवघड टप्पा आहे. भाड्याच्या अनुदानासाठी लांबलचक प्रतीक्षा यादी असते. ‘मनी फॉलोज द पर्सन’ योजनेत कोणतेही घर चालत नाही: स्वतःचे किंवा कुटुंबाचे घर, स्वतःच्या नावावर करार असलेला फ्लॅट, किंवा नात्याबाहेरची चारपेक्षा जास्त माणसे नसलेले निवासस्थान, एवढेच चालते. मोठ्या गटनिवासात सोय करून ठेवल्यावर हा नियम लक्षात आला तर सगळे मुसळ केरात.

पैशाचे घोडे पेंड खाते तेही इथेच. वेव्हरखाली संस्थेतून बाहेर पडण्यापूर्वीच्या १८० दिवसांपर्यंतचे ट्रान्झिशनचे काम मान्य होऊ शकते, पण बिल लावता येते ते माणूस बाहेर पडून वेव्हरमध्ये दाखल झाल्यावर. मधल्या काळात पगार, प्रवास, अनामत, सामान ही सगळी पदरमोड. त्या काळात त्या व्यक्तीचे निधन झाले, तब्येत ढासळली किंवा तिने मन बदलले, तर राज्य प्रशासकीय खर्च म्हणून भरपाई देऊ शकते; देतेच असे नाही. मन बदलण्याचा हक्क त्या व्यक्तीला आहे आणि बिलासाठी तिला घाई करणे अक्षम्य आहे. म्हणून संस्थेने राज्याला अर्ज करतानाच लेखी विचारावे: अयशस्वी ट्रान्झिशनचे पैसे मिळतात का, कोणत्या नोंदींवर, किती दिवसांत? उत्तर नकारार्थी असेल तर किमान सहा महिन्यांचा खर्च हाताशी असल्याशिवाय या कामात पडू नये.

घरी नेण्याचा दिवस सोमवार किंवा मंगळवार निवडावा. शुक्रवारी दुपारी नेलेल्या माणसाची औषधे फार्मसीत अडकली किंवा मदतनीस आला नाही, तर सोमवारपर्यंत फोन उचलणारे कोणी नसते आणि रात्र इस्पितळात जाते. हॉस्पिटल बेड आदल्या दिवशी येऊन जोडलेला असावा. शॉवरची खुर्ची न्हाणीघरात बसते का ते मोजून पाहिलेले असावे. औषधे, डायपर आणि दोन दिवसांचे अन्न घरात असावे. मदतनीस आला नाही तर कोणाला बोलवायचे त्याचे नाव आणि नंबर मोठ्या अक्षरात फोनजवळ चिकटवावा. अशी चोवीस तास उपलब्ध पर्यायी व्यवस्था असणे ही ‘मनी फॉलोज द पर्सन’ योजनेची अटच आहे.

बिलांसाठी केंद्राच्या नियमानुसार कमाल मुदत बारा महिन्यांची असली तरी विमा कंपन्यांच्या करारात ती पुष्कळ कमी असू शकते. वेव्हरच्या एकरकमी खर्चासाठी टी२०३८ हा संकेतांक रूढ आहे, पण राज्याची स्वतःची पुस्तिका अखेरचा शब्द. प्रत्येक पावतीवर कोणासाठी आणि सेवा-योजनेतल्या कोणत्या ओळीखाली हे त्याच दिवशी लिहावे. भेटीची नोंद ‘घराबाबत चर्चा’ एवढ्यावर संपू नये. कोणाला भेटलो, किती वेळ, काय ठरले, पुढे कोण काय करणार हे त्यात हवे. जास्तीचे पैसे आल्याचे लक्षात आले की नक्की झाल्यापासून साठ दिवसांत परत करणे बंधनकारक आहे.

नोंदी कच्च्या असल्या तर काय होते ते मिनेसोटाने दाखवले. घर मिळवण्यास आणि टिकवण्यास मदत करणारी मेडिकेडची सेवा तिथे जुलै २०२० मध्ये सुरू झाली. वर्षाला सुमारे २६ लाख डॉलर लागतील असा अंदाज होता. २०२४ साली दहा कोटींहून अधिक खर्च झाले. प्रवेशाच्या अटी सैल होत्या, आणि न केलेल्या कामांची बिले लावल्याचे आरोप २०२५ च्या सप्टेंबरमध्ये न्यायालयात दाखल झाले. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्याने ती सेवाच बंद केली. प्रामाणिक संस्था आणि घराच्या शोधात असलेली माणसे, दोन्ही त्यात भरडली गेली. फसवणुकीचा विश्वासार्ह आरोप आला की राज्याला पैसे थांबवावे लागतात, आणि चौकशी संपेपर्यंत तगायला नोंदींखेरीज दुसरा आधार नसतो. एकाच सेवेवर सगळी संस्था उभी करू नये, हेही त्यातून दिसले.

मराठी कुटुंबांकडून एक प्रश्न विचारला जातो: ग्रीन कार्डावर आलेल्या आईवडिलांना हे मिळेल का? १९९६ च्या कायद्यानुसार बहुतेक ग्रीन कार्डधारक प्रौढांना केंद्राच्या मेडिकेडसाठी पाच वर्षे थांबावे लागते. काही राज्ये स्वतःच्या पैशातून त्याआधीही आधार देतात. ठोस आश्वासन न देता त्यांना राज्याच्या पात्रता कार्यालयाकडे पाठवणे हेच योग्य.

‘मनी फॉलोज द पर्सन’ची साथ घरी आल्यापासून ३६५ दिवसांची असते. पुढे नेहमीच्या वेव्हरच्या सेवा चालू राहाव्यात, यासाठी पात्रतेच्या नूतनीकरणाचे कागद नवव्या-दहाव्या महिन्यातच हाती घ्यावेत. नूतनीकरणाची नोटीस अनेकदा जुन्या, म्हणजे नर्सिंग होमच्या पत्त्यावर जाते. म्हणून घर बदलल्याच्या आठवड्यातच मेडिकेड, सोशल सिक्युरिटी आणि विमा कंपनी या तिन्ही ठिकाणी पत्ता बदलून घ्यावा आणि बदल झाल्याचे लेखी उत्तर फाइलमध्ये लावावे. प्रोव्हायडरची स्वतःची नोंदणीही किमान दर पाच वर्षांनी नव्याने तपासली जाते. ती चुकली तर चालू असलेल्या सगळ्या माणसांची बिले त्याच दिवसापासून अडतात.