आजीआजोबांची दृष्टि

“वय झालें, आतां दिसावयाचें नाहीं,” असें म्हणून आपल्या नाशिकांतील कित्येक आजीआजोबा स्वस्थ बसतात. तें आम्हांस योग्य वाटत नाहीं. दृष्टिपटलाच्या मध्यभागीं असलेला पीतबिंदु पन्नाशीनंतर झिजूं लागल्यास वाचणें व चेहरे ओळखणें कठीण होतें.

विद्यार्थ्यांनो, स्विस नेत्रवैद्य आम्सलर ह्यांची परीक्षा सोपी आहे. चौकटींच्या वहींत मध्यें ठिपका द्या. आजीआजोबांस वाचनाचा चष्मा लावून, एकेक डोळा झांकून, तो पाहण्यास सांगा. रेषा वांकड्या वा पुसट दिसल्यास नेत्रवैद्याकडे तत्काळ न्या. रक्तवाहिन्या पाझरण्याच्या प्रकारांत डोळ्यांतील इंजेक्शनांनीं उरलेली दृष्टि पुष्कळदां राखतां येते. गेलेली सहसा परत येत नाहीं.

पालकांनीं धूम्रपान वर्ज्य करावें. घरांत मेथी-पालक नित्य शिजावा.