सुमे, पोराला पाण्यात उतरू दे

सुमे, परवा ओमचा फोन आला होता. तुला न सांगता केला असणार, कारण सगळं बोलणं कुजबुजत चाललं होतं. म्हणे, "मावशी, मला सर्फिंग शिकायचंय." कुठल्याशा रीलमध्ये त्याच्याएवढी पोरं फळीवर उभी राहून लाटेवरून येताना बघितली आणि गडी पेटला. मी काही हसले नाही. आपल्याकडे लाट बघायची तर वैनगंगेला पूर यावा लागतो, हे खरं. पण पोराची मागणी काही वाईट नाही. मग हळूच त्याने दुसरी गोष्ट सांगितली. आई शेतातल्या तळ्याच्या, बोडीच्या पाळीवरसुद्धा चढू देत नाही, आणि वर्गातले पोट्टे तर शाळा सुटली की तिकडेच असतात.

त्याला रागावू नको. आधी माझं ऐकून घे.

सर्फिंगचं पहिलं उरकते. गोव्यात आश्वे-मोरजीला, कर्नाटकात मुल्कीला, चेन्नईजवळ कोवलमला लहान पोरांना शिकवतात. महाबलीपुरमची कमली मूर्ती तर अगदी लहानपणापासून लाटांवर आहे, तिच्यावर माहितीपटही निघाला. टोकियोपासून हा खेळ ऑलिम्पिकमध्येही आलाय. म्हणजे खूळ म्हणून सोडून द्यावं असं त्यात काही नाही. पण चांगला शिक्षक पहिला प्रश्न विचारतो तो "पोहता येतं का?" हाच. पोरांना देतात ती फळी मऊ फोमची, लागली तरी डोकं फुटत नाही. फळीची दोरी पोराच्या घोट्याला बांधलेली असते, म्हणजे पडला तरी फळी हाताशी राहते. सुरुवात कमरेएवढ्या पाण्यात, आणि उभं राहण्याच्या आधी पडायचं कसं ते शिकवतात: डोक्यावर आपटायचं नाही, आडवं पडायचं, वर येताना हातांनी डोकं झाकायचं. समुद्राचा ओढा आत न्यायला लागला तर त्याच्याशी झुंजायचं नाही. तरंगत राहायचं, काठाला समांतर हात मारत बाजूला निघायचं आणि मग किनाऱ्याकडे वळायचं. हे सगळं ज्याचं पाण्याशी आधीच जमलंय त्याच्यासाठी. ओमला फळी मिळेल तेव्हा मिळेल, त्याआधी बोडी आहे.

तुझी भीती मला कळत नाही असं समजू नको. 2025 च्या होळीनंतर घोडाझरी तलावात पाच तरुण पोरं गेली, तेव्हा आपल्या नागभीड-चिमूरकडच्या कितीतरी घरांत चूल पेटली नसेल. दरवर्षी महाशिवरात्र आली, नदीकाठी मार्कंड्याची यात्रा भरली की मलाही धाकधूक होते. पण तू त्यातून जो धडा घेतलास तो मला पटत नाही. पोराला पाण्यापासून लांब ठेवलं म्हणजे पोरगं वाचलं, असं आपल्या मुलखात होत नाही बाई. इथे गावाला एक मामा (माजी मालगुजारी) तलाव, शेताला एक बोडी, धानाच्या बांधीत पावसाळाभर पाणी, आणि तालुक्याला जायचं तर मध्ये नदी. तू किती पहारा देशील? बंदी घातली की पोरगं जायचं थांबत नाही, सांगायचं थांबतं. आणि सांगून गेलेल्या पोराच्या मागे निदान एक मोठं माणूस असतं.

आणि पाणी म्हणजे इथे खेळ थोडाच आहे? 2024 च्या जानेवारीत चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ मिरची तोडायला निघालेल्या बायकांची नाव वैनगंगेत उलटली, आठवतं ना? रोजीसाठी निघालेल्या बाया, त्यातल्या कितीजणी घरी आल्याच नाहीत. तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की पोराच्या आधी पोरीला शिकवावं. पोट्टा कसाही उनाडक्या करत थोडंफार शिकतोच. पोरीला दहाव्या-अकराव्या वर्षी "आता मोठी झालीस, तलावावर जायचं नाही" म्हणून बसवतात, आणि तीच पुढे जन्मभर कपडे धुवायला घाटावर उभी राहते, डोंग्यात बसते, अंगावर पाच-साडेपाच मीटर लुगडं गुंडाळून. ओल्या लुगड्याचं पायात काय होतं ते तुला सांगायला नको. म्हणून थोडं पोहता येऊ लागलं की एक दिवस पोरांना नेहमीच्या कपड्यांत, शाळेच्या गणवेशातच, पाण्यात उतरवायचं. बुडणारं माणूस पोहण्याचे कपडे घालून पडत नसतं.

आता शिकवायचं कुठे आणि कसं. नदीत नाही, हे आधी ठरवून टाक. वैनगंगा वरून शांत दिसते, पण रेतीघाटावर जिथून रेती उपसलीय तिथे खड्डे आहेत. गुडघाभर पाण्यातून एक पाऊल पुढे टाकलं की डोक्यावर पाणी. शिवाय वर गोसीखुर्दला 33 दरवाजे. वरून पाणी सोडलं की इथे पातळी चढते, आणि आपल्या डोक्यावर मात्र कडक ऊन असतं, त्यामुळे कोणाला संशय येत नाही. भामरागडकडे तर विचारूच नको, पर्लकोटा नदी पुलावर चढली की गावचा संपर्क तुटतो. बोडीच बरी. पण तीही आधी मोठ्या माणसाने हातात लांब बांबू घेऊन पूर्ण चालून बघायची. गाळ कुठे आहे, शिंगाड्याचे वेल कुठे पसरलेत, ढिवरांची जाळी कुठे लावलीत, कमळाचे देठ कुठे पायात येतात. आणि जेसीबीने गाळ काढलेला असेल तर सावध, कारण मग काठ उतरता राहत नाही, भिंतीसारखा सरळ तुटतो. जिथे ओमच्या छातीइतकं पाणी आणि पायाखाली टणक जमीन, तेवढाच तुकडा धरायचा.

बांगलादेशात एक फार चांगली सोय केलीय. तिथेही घराघराशी तळी आणि बुडून मरणाऱ्यांत चिमुकली पोरंच जास्त. त्यांनी गावातल्याच तळ्यात बांबूचा चौकोन ठोकला, खाली बांबूचंच फळकूट, बाजूला धरायला आडवे बांबू, आणि त्यात पोरांना शिकवायला लागले. तरणतलाव नाही, फरशी नाही. सुमे, गडचिरोलीत बांबूची ददात आहे का? जावईबापूंनी मनावर घेतलं तर दोन दिवसांचं काम. गावातला एखादा ढिवर मामा सोबतीला घ्यायचा, त्यांच्याइतकं ते पाणी कोणाला कळतं?

पहिले काही दिवस हात-पाय मारायचंच नाही. तोंड पाण्यात घालून बुडबुडे काढायचे. नाकात पाणी गेलं की घाबरायचं नाही, वर येऊन खोकायचं. मग उताणं तरंगणं. तू मानेखाली हात धरायचा, त्याला आभाळाकडे बघायला सांगायचं, पोट वर. एकदा का शरीराला कळलं की आपण आपोआप वर राहतो, अर्धं शिक्षण झालं. नंतर बाकीचं. "आलं पोहायला" असं कधी म्हणायचं? डोक्यावर पाणी जाईल अशा ठिकाणी पडून वर येता आलं, मिनिटभर तरंगता आलं, वळून काठ शोधता आला, तिथवर जाता आलं आणि कोणी हात न देता बाहेर चढता आलं, की. शेवटचं लोक विसरतात. प्लॅस्टिकचा कागद टाकलेल्या शेततळ्यात चांगले पोहणारेही त्यामुळेच जातात, शेवाळलेल्या कागदावरून वर चढताच येत नाही. तुमच्या शेजारच्या पाटलांच्या शेततळ्याला चारही बाजूंनी गाठी मारलेला जाड दोर सोडायला सांग, माझं नाव घेऊन सांग.

ट्रकची ट्यूब, सुकवलेला तुंबा, पाठीला बांधलेली प्लॅस्टिकची कॅन, हे शिकायला ठीक. त्याच्या भरवशावर पोराला सोडायचं नाही. ट्यूब निसटते आणि पोरगं खोल पाण्यात एकटं राहतं. डोंग्यात बसताना मात्र अंगाला बांधायचं लाइफ जॅकेटच हवं, आणि ते नावेच्या तळाशी गुंडाळून ठेवायला नसतं.

वेळ सकाळी नऊनंतरची धर आणि दुपारी ऊन चढायच्या आत आटप. पुणे-मुंबईच्या पुस्तकात हा नियम सापडायचा नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटे आणि तिन्हीसांजेला बोडीवर पाण्याला येणारे आपणच नसतो. मोहफुलं वेचायला गेलेल्यांचं काय होतं ते ब्रह्मपुरीच्या बाईला कोणी सांगायला नको. वाघ, अस्वल, रानडुक्कर, सगळ्यांना पाणी लागतं. आणि ताडोबाच्या तलावाकडे बघून "इथे काय मस्त डुंबता येईल" म्हणणारे पाहुणे आले तर त्यांना मगरी दाखव.

लक्ष ठेवणं म्हणजे काय, हे जरा नीट सांगते, कारण इथेच घात होतो. बुडणारं पोर सिनेमातल्यासारखं ओरडत नाही, हात हलवत नाही. तोंड पाण्याच्या पातळीवर, मान मागे, शरीर उभं, आणि आवाज शून्य. श्वासच पुरत नाही तर हाक कुठून मारणार? मिनिटभरात सगळं संपू शकतं. म्हणून न पोहणाऱ्या पोराच्या हाताच्या अंतरावर मोठं माणूस, आणि त्याचा मोबाइल घरी. चौघी काठावर बसल्या असतील तर कोणाची पाळी आहे ते बोलून ठरवायचं, नाहीतर चौघींना वाटतं दुसरी बघतेय. तुझ्या धाकट्या, तीन वर्षांच्या गुड्डीसाठी तर बोडीही लागत नाही. न्हाणीतली भरलेली बादली, गुरांचा हौद, झाकण नसलेलं टाकं. आज संध्याकाळीच घरात एक फेरी मार.

ओमकडून एक मात्र घोकून घे: मित्र बुडत असेल तर उडी मारायची नाही. आधी आरडाओरडा, मग दोर, बांबू, लुगडं, रिकामी कॅन, हाताला लागेल ते फेकायचं. एकाला वाचवायला दुसरा, दुसऱ्याला वाचवायला तिसरा, अशी घरंच्या घरं रिकामी झालीत. आणि पोर बाहेर काढलं तर उलटं टांगायचं नाही, गरगर फिरवायचं नाही, पोट दाबून पाणी काढायचं नाही. त्यात मोलाची मिनिटं जातात. श्वास चालत नसेल तर लगेच तोंडाला तोंड लावून श्वास द्यायचा, मग छातीच्या मध्यावर 30 दाब, 2 श्वास, पुन्हा तेच, 108 ची गाडी येईपर्यंत. आपल्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरकडून एकदा बाहुलीवर करून घे, वाचून हात बसत नाही.

एक गोष्ट मात्र उतरवण्याआधी बघायची. आपल्या भागात सिकलसेल घरोघरी. ज्या पोराला तो आजार आहे त्याला गार पाण्याने, दमल्याने, तहानलेलं राहिल्याने कळा सुटू शकतात. त्याला पोहायला बंदी नाही, पण डॉक्टरांना विचारून, उबदार दिवसात, थोडा वेळ, मध्ये पाणी पाजत आणि बाहेर येताच अंग कोरडं करून. मिरगी येणाऱ्या पोराला तर क्षणभर एकटं सोडायचं नाही. ओमचा रिपोर्ट तू मागे काढलाच आहेस, पण त्याच्यासोबत येणाऱ्या पोरांच्या आयांनाही विचार.

फायदा काय, असं सासूबाई विचारतील. सांग, पोराला भूक लागते, रात्री आडवं पडताच झोप लागते, दम वाढतो, आणि हातातला मोबाइल दोन तास सुटतो. माझ्या मते खरा फायदा वेगळाच आहे. पोहायला शिकलेलं पोर पाण्याला नाही म्हणायलाही शिकतं. मित्रांनी डोहात उडी मारायची पैज लावली तर "आज पाणी गढूळ आहे, मी नाही येत" असं म्हणायची हिंमत त्याला येते, कारण ते भित्रं नाही हे त्याला स्वतःला माहीत असतं. पोहता न येणारा पोरगा लाजेखातर उडी मारतो.

तर असं कर. परीक्षा संपल्या की दोन्ही लेकरं घेऊन ब्रह्मपुरीला ये. आमच्या शेतावरची बोडी बघितलेली आहे, नणंदबाई येणार आहेत, मलाही लग्नानंतर त्यांनीच शिकवलं. येताना दोन जुने चुडीदार टाक पिशवीत, ओढणी नको. तुलाही कुठे येतं पोहायला?